भेगेला पाणी

बालवाडीत तेवीस वर्षं शिकवलं मी, म्हणून कागदावर माझी भाषा सरळ उतरते. तोंड उघडलं की मात्र वऱ्हाडीच, आणि तीही तिखट. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी काही गरीब गाय नाही. जे केलं ते मी केलं आणि पूर्ण शुद्धीत केलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, तरी केलं.

अकोल्याला कौलखेडच्या आतल्या गल्लीत आमचं घर. चौऱ्याण्णव साली बांधलं. आमचे हे, म्हणजे खुशालराव, माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे आणि हे ती भिजवून, वाळवून, तोलून कागद लिहून द्यायचे. गावोगावची माती यांनी हातावर घेतली, पण आपलं घर मात्र काळ्या मातीवरच बांधलं, कारण अकोल्यात दुसरी आणणार कुठून. पहिल्याच उन्हाळ्यात बैठकीच्या पूर्वेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग गेली. ती तिरपी उतरून मागच्या खोलीत शिरली. मी कपाळाला हात लावला. हे मात्र पट्टी घेऊन भिंतीशी बसले.

"घाबरू नको सुभे," म्हणाले. "काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. भेग उघडन अन् मिटन. आपण फक्त मोजत राहू."

आणि खरंच मोजत राहिले. दरवर्षी मे महिन्यात एकदा आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून आले की एकदा. भेगेच्या बाजूलाच पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि पुढे माप. 'मे ९८, ९ मि.मी.' 'ऑगस्ट ९८, बंद.' लोक भिंतीवर पोरांची उंची मांडतात, आमच्याकडे भेगेची रुंदी. आमची आचल लहानपणी मैत्रिणींना ती भिंत दाखवायची. एकतीस वर्षांची मापं होती तिथे, एकाखाली एक. खिशात पेन्सिलीचा तुकडा नाही असे खुशालराव मी कधी पाहिले नाहीत.

चार वर्षांपूर्वी यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग पेन्शनचा दिवस, मग आचलचं नाव. तिला 'मॅडम' म्हणू लागले तेव्हा पोरगी मोरीत जाऊन रडली. दोन वेळा घरातून निघून गेले. एकदा मूर्तिजापूरच्या फलाटावर सापडले. दुसऱ्या वेळी भर उन्हात अनवाणी, मोर्णा नदीच्या पुलावर. तळपायाला असे फोड आले होते की महिनाभर मी रोज पट्टी बदलली. माझे गुडघे गेलेले. दारापर्यंत पोचेस्तोवर हे गल्लीच्या तोंडाशी असायचे.

एवढं सगळं विसरले, पण मला विसरले नाहीत. सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द, "सुभे, चहा." त्यानंतर भिंतीशी जायचं, आपली मापं वाचायची, वाचून झालं की शांत. दिवसाची सुरुवात अशीच.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आचलसमोर स्पष्ट सांगितलं, "हलवायचं असेल तर आत्ता हलवा. नव्या जागेत एक तरी ओळखीचा चेहरा हवा. ते आईला ओळखतात तोवर न्या. नंतर नेलं तर दोन्ही परकं होईल." 

आचलच्या घराला लागूनच, अमरावतीच्या साईनगरात, खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. कंपाउंड होतं, फाटक होतं, आणि हाक मारली की पोरगी हजर. मालक भला माणूस. मे अखेरपर्यंत थांबतो म्हणाला, त्यापुढे नाही. अकोल्याचं घर विकलं तरच त्या खोल्या घेता येणार होत्या. माझं सगळं त्या एका महिन्यावर येऊन टेकलं होतं.

कोणी म्हणेल, कायले एवढी धावपळ, दाराला कुलूप घालायचं. तेच तर करायचं नव्हतं. हिवरखेडला माझ्या थोरल्या जावेनं सासऱ्यांना असंच खोलीत ठेवलं होतं. बाहेरून कडी. कडीचा आवाज आला की म्हातारा लहान लेकरासारखा रडायचा. मी चार माणसांत तिला झाडलं होतं, "ढोर आहे का तो?" परत येताना एसटीत खुशालरावांनी दोन तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सुभे, माह्यावर असा दिवस आला तर दार लावजो नको." मी म्हटलं, "तुमच्या गळ्याची शपथ." हे नवऱ्याच्या गळ्याची शपथ घेणंही माझंच, बोलायला कोण कमी.

घर विकायला काढलं ते करिश्मा नावाच्या दलाल बाईंच्या हाती. वय तिशीचं, स्कुटी, दोन फोन आणि जीभ माझ्यासारखीच. पहिल्या दोन पार्ट्या तिनं एप्रिलात आणल्या. दोन्ही वेळा खुशालराव उठले, पाहुण्यांचा हात धरून त्यांना भिंतीशी नेलं आणि म्हणाले, "हे पाहा. सध्या दहा मिली आहे. मे संपेस्तोवर अकरा होईन." पाहुण्यांनी भेग पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि चहाही पूर्ण घेतला नाही.

"मावशी," करिश्मा दुसऱ्या वेळी म्हणाली, "घर दाखवणं म्हणजे पोरगी दाखवणं. तुमच्या घरी तर मुलीचा बापच पाहुण्यांले तिचे दोष वाचून दाखवते. अशानं जमन का?"

"मंग काय करू? त्याईचं तोंड शिवू?"

"अठरा तारखेले रविवार आहे. त्या दिवशी तीन पार्ट्या एकामागं एक आणते. तोवर भेग झाका, मापं पुसा. औषधाच्या बाटल्या, काठी, संडासाची खुर्ची, सगळं नजरेआड करा. अन् काकांले बाहेर कुठं तरी न्या. घरात आजारी माणूस दिसलं की पार्टीले वाटते, याईले घाई आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी."

मी होकार दिला. हातात तीन आठवडे होते आणि भिंतीत दहा मिलीमीटर.

नुसती पुट्टी भरली असती तर आठ दिवसांत पुन्हा केसाएवढी भेग पडली असती. एकतीस वर्षं भेगेसोबत संसार केला होता मी, एवढं कळत होतं. भेग पावसाळ्यात मिटते ती मातीला पाणी मिळतं म्हणून. मग मी म्हटलं, मे महिन्यात पाणी आपण देऊ.

घराच्या पूर्वेला, पायाला लागून, जमीनही तडकली होती. हात आत जाईल एवढ्या फटी. मी तिथे रोज पहाटे बोअरचा पाइप लावायची. पाणी ओतलं की क्षणात आत गडप. माती किती तहानलेली होती ते तेव्हा कळलं. नळ पाच दिवसांनी एकदा यायचा, त्याच्या पाण्यातलेही दोन ड्रम मी भिंतीच्या मुळाशी रिचवले. आंघोळ एका बादलीत, कपडे दोन दिवसांआड, आणि काळ्या मातीला मात्र पंगत.

बोअर आमची आणि शेजारच्या पार्बताबाईची एकच, कुंपणावर खोदलेली. दहाव्या दिवशी मोटर नुसती हवा ओढू लागली. पार्बताबाई कुंपणावर आली.

"अवं सुभद्राबाई, येडी झाली काय तू? प्यायले पाणी नाई अन् तू मातीले पाजून राहिली?"

"पारिजात लावायचा आहे," मी म्हटलं.

"मे महिन्यात पारिजात? मले काय दूधपिती समजते काय?"

मी तिला वाट्टेल ते बोलले. तिच्या सुनेचं काढलं, तिच्या म्हशीचं काढलं. तीस वर्षांची शेजारीण, आमच्या खुशालरावांना मोर्णेच्या पुलावरून रिक्षात घालून आणणारी तीच. मी तिच्या तोंडावर मागचं दार लावून घेतलं. खरं सांगते, तेव्हा मला पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं. रात्रभरात बोअरला जेवढं साचायचं तेवढंही मी पहाटे मातीलाच दिलं.

एका सकाळी खुशालराव मागं येऊन उभे राहिले. पाइप पाहिला, ओली माती पाहिली. बोटानं माती उचलून चोळली आणि क्षणभर ते जुने खुशालराव झाले. 

"एका बाजूनं पाजून राहिली का?" म्हणाले. "तसं नाई करा लागत. चारी बाजूनं सारखी ओल पाहिजे. एका बाजूनं पाजलं त घर मान वाकडी करते."

"हाव जी," मी म्हटलं. एकतीस वर्षं त्यांच्या मातीच्या गोष्टींना मी असंच 'हाव जी' म्हणत आले होते. चारी बाजूंना द्यायला पाणी आणू कुठून? भेग पूर्वेला, पाणी पूर्वेला, माझा हिशोब सरळ होता.

आणि भेग मिटली. खोटं नाही सांगत. रोज मी नख घालून पाहायची. आधी नख जायचं, मग नखाचं टोक, मग तेही नाही. मला इतका आनंद झाला की भिंतीला टेकून एकटीच हसले. बुधवारी रंगारी आला. त्यानं बैठकीच्या भिंतीवर पुट्टी ओढली आणि वर पांढरा रंग दिला. सगळी मापं त्याखाली गेली. त्या वेळी मी खुशालरावांना स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसवलं होतं. मागच्या खोलीतली भेग तशीच ठेवली, ती खोली सामानानं भरली आहे असंच सांगायचं होतं.

गुरुवारी सकाळी ते उठले, "सुभे, चहा" म्हणाले आणि भिंतीशी गेले. तिथेच उभे राहिले. हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग दुसऱ्या भिंतीशी गेले. मग तिसऱ्या. दिवसभर ते घरात काहीतरी शोधत होते आणि काय शोधतोय हे त्यांना सांगता येत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "इथं होतं ना."

"चहा घ्या," मी म्हटलं. कप त्यांच्या हातात दिला. अमरावतीला गेलो की सगळं नीट होईल, हे मी इतक्या वेळा मनाशी म्हटलं होतं की तेच माझं देवाचं नाव झालं होतं.

त्याच दिवसापासून मागच्या खोलीचं दार जमिनीला घासू लागलं. मी चौकटीला साबण चोळला. जुनं दार आहे, म्हटलं.

शनिवारी मी घर घासलं. आमच्याकडचं पाणी खारं. नळाखाली, मोरीत, फरशीवर पांढरे थर. लिंबू, आमसूल, शेवटी संडासाचं ॲसिड. हाताची सालं निघाली. गोळ्यांचे डबे कणगीत लपवले, काठी पलंगाखाली, खुर्ची गच्चीवर टाकीमागे. यांच्या आईबापाचे हार घातलेले फोटो उतरवून ट्रंकेत ठेवले आणि मनात माफी मागितली. करिश्मा म्हणाली होती वेलदोडा घालून दूध मंद आचेवर ठेवा, घरभर वास सुटतो. तेही काढून ठेवलं.

ठरलं असं होतं की रविवारी सकाळच्या गाडीनं आचल येईल आणि बाबांना राजेश्वराच्या देवळात नेऊन दोन तास बसवील. नऊ वाजता तिचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"आई, मले आत्ता परीक्षा केंद्रावर ड्युटी लावली. ऐनवेळी. नाई म्हटलं त नोकरीवर येते. तू बाबांले पार्बतामावशीकडं बसव ना."

तिला सांगू कशी, की पार्बतामावशी माझं तोंड पाहत नाही. म्हटलं, "बसवते, काळजी करू नको."

साडेदहा वाजले. करिश्माचा फोन, पार्टी निघाली आहे. खुशालराव बैठकीत त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे, हात फिरवत. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. खाट, पंखा, पाण्याचा तांब्या आणि रेडिओ ठेवला होता.

"थोडा वेळ इथं बसा. मी बाहेरच आहे."

ते बसले. माझा पदर धरला. "दार लावू नको, सुभे."

"नाई लावत जी," मी म्हटलं.

बाहेर आले आणि दार ओढलं. येईना. दोन्ही हातांनी, पाय चौकटीला लावून ओढलं, तेव्हा ते करकरत बसलं. मग मी कडी घातली. आवाज होऊ नये म्हणून हळूच घातली. तो आवाज मला अजून येतो.

पहिली पार्टी दहा मिनिटांत गेली. गाडी आत येत नाही म्हणाली. दुसरी पार्टी आली ती उद्धवराव आणि त्यांची सून देवश्री. उद्धवराव कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झालेले, मूळ चांदूर बाजारचे. देवश्री हायस्कुलात शिकवणारी. नवरा अद्वैत पुण्याला नोकरीत, तो तिच्या हातातल्या फोनवरून घर पाहत होता. बोलणं मृदू, चपला दाराबाहेर काढल्या, दुधाचा वास घेऊन देवश्री म्हणाली, "छान वाटतंय हो मावशी तुमच्या घरात." माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, हेच ते.

मी घर दाखवत होते आणि कान मागच्या खोलीकडे. रेडिओ चालू होता. स्वयंपाकघर झालं, गच्ची झाली. बैठकीत परत आलो. देवश्रीनं पूर्वेच्या भिंतीवर हात ठेवला.

"ताजा रंग आहे."

"दरवर्षी देतो आमी," मी म्हटलं.

तेवढ्यात धप्प असा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

"आत कोणी आहे का?" उद्धवरावांनी विचारलं.

"मांजर असन. सामान आहे ना तिथं." मी म्हटलं. करिश्मा माझ्याकडे पाहत होती, आचल आलीच नाही हे तिला माहीत नव्हतं.

"सुभे," आतून आवाज आला. "सुभे, दार."

"शेजारचा टीव्ही आहे," मी म्हटलं. "लय मोठ्यानं लावते ती बाई."

 देवश्रीनं मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा थांबत आला होता. लाइट गेली होती. रेडिओ प्लगवरचा, तोही बंद. सगळी गल्ली चिडीचूप होती आणि त्यात फक्त माझ्या नवऱ्याचा आवाज होता.

मी धावले. माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. कडी काढली, दार ढकललं. हललं नाही. खांद्यानं ढकललं. चौकट वरून तिरपी होऊन दारावर अशी बसली होती की फटीत कागद गेला नसता. तीन आठवडे मी पाजलेलं पाणी त्या चौकटीत येऊन उभं होतं. घरानं मान वाकडी केली होती.

"कडी काढली ना तुम्ही?" करिश्मा म्हणाली.

"काढली व माय, काढली. दारच फसलं."

उद्धवरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि माझ्यासोबत खांदा लावला. आत लोखंडी गजाची एवढीशी खिडकी, ती पश्चिमेला, आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन. आतून आधी "सुभे, सुभे" येत होतं. मग नाव गेलं आणि नुसतं "दार, दार" राहिलं. मग ते म्हणाले, "ओ माय." आणि मग आवाज थांबला.

मी त्या दारावर कपाळ आपटलं. सांगायला लाज नाही वाटत, मी आक्रोश केला. "मी आहे जी, मी इथंच आहे, उघडते, आत्ता उघडते." आतून काही नाही.

कुंपणावरून पार्बताबाई आली. हातात सब्बल, लोखंडी पहार.  चौकट आणि भिंतीच्या मधे तिनं सब्बल घातली, उद्धवरावांनी जोर दिला, देवश्रीनं फोन जमिनीवर ठेवून दाराला हात लावला. चौकट फुटली. माती आणि प्लास्टर आमच्या डोक्यावर पडलं.

ते कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लाल. तांब्या लवंडला होता. त्यांच्या शेजारी भिंतीवर, जिथे भेगेचं शेपूट उतरतं तिथे, पेन्सिलीनं ताजं लिहिलं होतं. अक्षर वाकडं होतं, पण ओळ सरळ. 'मे. बंद. चूक आहे. पूर्वेकडून पाणी.'

देवश्रीनं त्यांच्या तोंडाला पाणी लावलं, पदरानं वारा घातला. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले. उद्धवरावांकडे पाहिलं. प्रयोगशाळेत आलेल्या माणसाकडे पाहायचे तसे.

"बसा," म्हणाले. "नमुना कुठला?"

उद्धवराव त्यांच्यासमोर खाली बसले. काय कळलं त्यांना कोण जाणे, पण म्हणाले, "इथलाच आहे. या घराचा."

"मंग ऐका. ही भेग मे महिन्यात दहा-अकरा मिली पाहिजे. बंद आहे म्हणजे कोणीतरी एका बाजूनं पाणी पाजलं. त्यानं चौकट फसते. घाबराचं काम नाई. दुसऱ्या बाजूनं पण ओल द्या, महिन्यात घर जागेवर येते. एकतीस वर्षं मोजून राहिलो मी. अकराच्या वर कधी गेली नाई. पाया पक्का आहे."

"मापं आहेत का?" उद्धवरावांनी विचारलं.

"आहेत ना. बैठकीत. दाखवतो."

ते भिंत धरून उठले. आम्ही सगळे मागून. ते पूर्वेच्या भिंतीपाशी गेले आणि हात ठेवला. पांढरा रंग. नखानं खरवडलं. मग अजून खाली, अजून खाली. पेन्सिलीचा तुकडा हातातून पडला. देवश्रीच्या फोनमधून अद्वैत विचारत होता काय झालं, काय झालं.

"तुम्ही पुसलंत का हे मावशी?" देवश्रीनं हळूच विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

"अहो, हेच तर दाखवायचं होतं आम्हाला," उद्धवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. "अकोल्यात बिनभेगेचं घर मला कोण दाखवतंय. चांदूर बाजारलाही काळीच माती आहे माझ्या घराखाली. एकतीस वर्षं मोजलेली भेग कुठं मिळते?"

मी खुशालरावांजवळ गेले. दंडाला धरलं, म्हटलं, "चला जी, बसा. चहा ठेवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंग आक्रसून हात सोडवून घेतला आणि देवश्रीच्या मागे सरकले. "या बाईनं दार लावलं," तिला म्हणाले. "कोण आहे ही? हिले म्हणा, लावू नको. माही बायको येऊन राहिली, तिले सांगतो मी."

पार्बताबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, घाबरले आहेत, रात्री झोपले की उद्या सकाळी येईल हाक. सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पाय पोटाशी घेतले.

सोमवारी संध्याकाळी करिश्माचा फोन आला. उद्धवरावांनी घर घ्यायचं ठरवलं होतं. मालकानं बारकाईनं जपलेलं घर आहे म्हणाले. रंग खरवडून जेवढी निघतील तेवढी मापं राखायची आणि पुढची आपण लिहायची असंही म्हणाले. मे संपायच्या दोन दिवस आधी साईनगरच्या खोल्या आमच्या झाल्या. जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. कंपाउंड आहे, फाटक आहे, हाक मारली की आचल येते.

फाटकाला कुलूप घालायची वेळच आली नाही. ते आता कुठे जात नाहीत. सकाळी उठले की दारात येऊन बसतात, उंबरठ्यावर, पाठ चौकटीच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला लावून. असं बसलं की दार लावता येत नाही. जेवणही तिथेच. मी जवळ गेले तर आता भीत नाहीत, 'बाई' म्हणतात, जेवण झालं की हात जोडतात. पोळ्या चांगल्या करता म्हणतात.

काल दुपारी मी ताट उचलायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"बाई, तुमी अकोल्याले जाता का कधी?"

"जाते कधी कधी."

"कौलखेडात माहं घर आहे. तिथं माही बायको आहे, सुभी नाव तिचं. गुडघे दुखतात तिचे, म्हून येऊ नाई शकत असन. तिले निरोप सांगजा."

"काय सांगू?"

ते फाटकाकडे पाहू लागले. मला वाटलं विसरले. मी ताट घेऊन वळले.

"म्हणा, राग नाई माहा," ते म्हणाले. "इतकंच विचारा, दार काहून लावलं."

"विचारते जी," मी म्हटलं, आणि आत जाऊन ताट मोरीत ठेवलं.